जड स्टिअरिंग

सत्त्याण्णव साली उज्वला नवऱ्याची गाडी चालवायला शिकली. महिन्याभरातच, पॉवर स्टिअरिंग बिघडलंय म्हणत विश्वजितने ते काढून साधं बसवून आणलं. ते इतकं जड होतं की वाशीत गाडी वळवताना तिचे खांदे भरून येत, मागचे हॉर्न मारत आणि ती रडकुंडीला येई.

"बायकांचं काम नाही ते," विश्वजित म्हणे.

तरी ती चिडत, घामाघूम होत रोज चालवत राहिली.

वर्षभराने गॅरेजवाले तबरेजभाई तिला हळूच म्हणाले, "मॅडम, पॉवर बिघडलंच नव्हतं. तुमी गाडी नेऊ नये म्हणून साहेबांनीच काढायला लावलं. परत बसवू?"

उज्वलाने त्यांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली.

"नको. साहेबांना हे जड जातं, म्हणून तर आता गाडी माझ्याकडे असते."