ठिपक्यांची रांगोळी

कालिंदीबाईंनी दारात ठिपके काढले, चिमटीत रांगोळी धरली आणि हात तसाच हवेत थांबला. पायरीवर पेपर घेऊन बसलेल्या वामनरावांचं लक्ष पेपरात नव्हतंच.

लग्न झाल्यापासून ते बायकोची तब्येत रांगोळीवरून ओळखत आले होते. डॉक्टर तिच्या आजाराला बायपोलर म्हणत. रांगोळी गल्लीभर पसरत शेजाऱ्यांच्या दारात गेली, की मन उधळलंय. दार सुनं राहिलं, की मन बुडालंय. दोन्ही वेळी ते काही न बोलता चपला घालून दवाखान्यासाठी रिक्षा आणायला जायचे. हल्ली गोळ्यांनी मन थाऱ्यावर होतं, पण वय झालं तशी आठवण विरत चालली होती.

“अहो, कुठला ठिपका कुठं जोडायचा, तेच सुचेना.”

वामनराव उठले. पायांनी सवयीनं चपला शोधल्या.

“आज चपला नकोत,” त्या म्हणाल्या. “रांगोळी कोपऱ्यापर्यंत गेली तरी तुम्ही कधी रागावला नाहीत, नुसत्या चपला घातल्यात. मला कळायचं हो सगळं. ते काही मी विसरायची नाही. बसा इथं.”

इतकी वर्षं वामनरावांना वाटे, त्या भरात हिला काय कळतंय. गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा रांगोळीची रेघ ओढली. ती वाकडी होत भलत्याच ठिपक्याला जाऊन भिडली.

कालिंदीबाईंनी ती निरखून पाहिली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “उंबऱ्यापाशीच आहे ना?”