एकदा तरी हरा

माझा नवरा व्हर्लिन खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉलचा कोच. दरवर्षी संघ बाद फेरीतला पहिला सामना जिंकतो, मग पुढच्या सामन्याच्या सरावापायी पोरं थँक्सगिव्हिंगच्या सणालाही घरी जात नाहीत. त्यांच्यासाठी सणाच्या जेवणाच्या टर्क्या भाजायला मी. अकरा वर्षं लेकीकडे सण नाही. नात फोटोतच वाढली. मनात म्हणायचे, मेल्यांनो, एकदा तरी हरा!

या शनिवारी हरले. पोरं रडत आपापल्या घरी गेली. व्हर्लिन खाली मान घालून म्हणाला, “झालं तुझ्या मनासारखं. लाव फोन.”

“ग्रेटा, सणाला आम्ही येतोय गं!”



“अगं आई, आम्ही सासूबाईंकडे निघालोय. तुम्ही दरवर्षी जिंकताच ना!”