वादळांच्या वह्या

जिजाबाईच्या वह्या आता नाहीत हे शशिकांत सरांना कळलं, तो तिच्या तेराव्याचा दिवस होता. डिसेंबर २००९. जुन्या लिखाणातून किनाऱ्यावरच्या वादळांची यादी करणारे हे सर मुर्ध्याला दुसऱ्यांदा आले होते. वादळाने मिठागरातल्या मिठाच्या राशी विरघळल्या की तारीख आणि वाऱ्याची दिशा जिजाबाई वहीत लिहायची. चाळीस वर्षं लिहीत होती.

"काका, त्या वह्या हव्या होत्या. मावशींनी लिहिलेली एक तारीख मला परवा जुन्या जहाजाच्या नोंदवहीत सापडली."

"आता जहाजानं सांगितलं तवा पटलं होय?" तिचा नवरा धर्मा म्हणाला. "तीन वर्षांमागं तिनं हातात दिल्या, तवा दोन पानं चाळून परत केल्यात. मावशी, हा काय पुरावा न्हाय, म्हनालात."

"चूक झाली. कुठे आहेत त्या?"

"तिच्यासंगं चितेवर ठेवल्या. शिकलेल्यांना किंमत न्हाय, मग काय उंदरांसाठी ठेवू? आलाय तर जेवून जा."

सर न जेवताच गेले. धर्माने त्यांच्या पाठीकडे बघत तोंड वाकडं केलं. "एवढा मोठा प्रोफेसर, पन दोन पानांच्या पुढं गेला न्हाय."

"बाबा," मुलाने, भावेशने विचारलं, "पुढच्या पानांवर काय होतं?"



धर्माला वाचता येत होतं. तिची एकही वही उघडून बघायची मात्र राहून गेली होती.