दिवे दिसले की

"काकू, समोर डॅशबोर्डवर दिवे दिसले की हॉर्न वाजवा," असं सांगून मेकॅनिकने रबरी हातमोजे चढवले आणि तो डिकीत कंबरेपर्यंत शिरला.

सिस्टर स्टिअरिंगमागे बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान, मास्तर. दोघंही केव्हाच निवृत्त झाले होते, पण लोकांनी ही नावं काही सोडली नव्हती. सिस्टरनी कामही सोडलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. त्यासाठीच ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी घेतली होती.

मग एका सकाळी चालत्या गाडीत लाल त्रिकोण पेटला. पाठोपाठ पिवळे दिवे लागले आणि गाडीतलं बळच गेलं. त्यांनी कशीबशी ती कडेला घेतली. बंद करून पुन्हा सुरू केली, तर दिवे गायब. असं पुन्हा झालं. मग वरचेवर होऊ लागलं. पण मुलगा शेजारी बसला, की गाडी गरीब गायीसारखी चालायची.

पहिल्या गॅरेजवाल्याने कॉम्प्युटर जोडला. गाडीच्या एका भागाचा दुसऱ्याशी संपर्क तुटल्याचा जुना कोड निघाला. "असले कोड येतातच," म्हणत त्याने तो पुसून टाकला. दुसऱ्याला काहीच सापडलं नाही. "गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि मास्तरांकडे बघून गालातल्या गालात हसला. ते हसू सिस्टरना जिव्हारी लागलं.

"आई, मोठ्या काकांचंही असंच, नसलेलं दिसण्यापासून सुरू झालं होतं," मुलगा म्हणाला. त्याने किल्ली काढून घेतली आणि वडिलांच्या हातात दिली.

मोठ्या दिरांना शेवटी स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. सिस्टरनीच त्यांना चमच्याने भरवलं होतं. ते मास्तरांचे सख्खे भाऊ, आपल्या रक्ताचे नव्हेत, हे सिस्टरच्या मनातही आलं नाही. भीती कुठे नातं विचारते? भांडी घासताना त्या औषधांची नावं घोकायच्या. एखादं अडलं, की हातातली वाटी तशीच राहायची.

गाडी आता मास्तर चालवायचे. परत आले की सिस्टर विचारायच्या, "कशी चालली?"

"चांगली चालली," एवढंच बोलून ते आत जायचे.

पुढे मुलाने डॉक्टर गाठले. त्यांनी सिस्टरना घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मास्तरच डॉक्टरांना खोदून खोदून विचारत राहिले. भास आधी होतात का? भावांभावांत हा आजार येतो का? माणसाला स्वतःचं स्वतःला कळतं का? किती काळजी करतात माझी, म्हणून सिस्टरना भरून आलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही, लक्ष ठेवा.

आज सकाळी मास्तरांनी आपणहून गाडी काढली. "अजून एकदा दाखवून बघू."

या मेकॅनिकने कोड पुसला नाही. आधी सिस्टरनाच विचारलं, "कधी होतं, काकू?"

"गाडी धुतली की. किंवा खड्ड्यात आपटली की."

"मग मागची बॅटरी जे सांगते ते पुढे पोचत नसणार. मधेच कुठेतरी वायर नाटक करतेय."

आता डिकीत त्याने वायरींचा जुडगा हलवला. लाल त्रिकोण पेटला. पिवळे दिवे भराभर लागले.

सिस्टरचा हात हॉर्नकडे गेला आणि तिथेच थांबला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला दिसतायत?"

"दिसतायत."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. "चला, एकदा तरी तुमच्यासमोर लागले."

"एकदा नाही." मास्तर मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होते. "किल्ली माझ्याकडे आल्यापासून दिसतायत मला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"दोघा जाणत्यांनी गाडी ठणठणीत म्हणून सांगितली होती. तुझं ऐकून ऐकून मलाच भास व्हायला लागले असं वाटलं. दादा माझाच भाऊ ना गं. बोललो असतो, तर डॉक्टरांसमोरच्या त्या खुर्चीत मला बसवलं असतं."

"म्हणून मला बसू दिलंत."

मास्तरांची मान खाली गेली.

"आणि आजही काही निघालं नसतं, तर?"

दिवे तसेच पेटलेले होते. सिस्टरनी मास्तरांकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी भ्यालेली माणसं पाहिली होती. ऑपरेशन थिएटरच्या दारात बायकोचा हात सोडून पळालेलीसुद्धा. त्यातलं कुणी आपल्या घरात असेल, असं वाटलं नव्हतं.

त्यांनी तळहाताने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

मेकॅनिक धावत खिडकीशी आला. त्याच्या हातातल्या वायरींच्या जोडाच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. "सापडलं! पाणी शिरून गंजलाय. काकू, दिसले ना दिवे?"

"दिसले," सिस्टर म्हणाल्या. "आम्हा दोघांनाही."