भिंगरी चुकायची

"पहिला खेळ भूमला न्हाय, ईट गावाला झाला," कुलदीप ठासून म्हणाला. "मारुतीच्या पारापाशी. म्या व्हतो तिथं."

"तू तर तेव्हा आईच्या कडेवर असशील," दीपमाला म्हणाली. दोघंही हसली. मग भिंतीवरच्या फोटोकडं लक्ष गेलं आणि हसू ओसरलं.

फोटो शंभुलिंग गुरुजींचा होता. त्यांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून माणसं आली, फोटोपुढं हात जोडून, जेवून गेली. मागं राहिली ती ही दोघंच. दीपमाला भूमच्याच शाळेत शिकवायची, कुलदीपचं बाजारात मोबाइलचं दुकान होतं. गुरुजींच्या बाहुल्यांच्या खेळानं लहानपणी दोघांना वेड लावलं होतं. आता गुरुजी गेले, निदान खेळाची सुरुवात कशी झाली ते तरी नीट जपून ठेवावं, असं त्यांच्या मनात होतं. कुलदीपनं फोन पाटावर उभा करून शूटिंग चालू केलं होतं.

समोर इरम्माकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुरुजींची बायको. माहेर उमरग्याकडचं, घरात कानडी. बोलणं आधीच कमी, वर्षभरात ते आणखी आटलं होतं.

"काकू, तुम्हीच सांगा. पहिला खेळ कुठं?"

"ईटला," त्या एवढंच म्हणाल्या.

दीपमालाला मात्र राहवेना. दोन बांबूंना ताणलेली चादर तिला अजून दिसत होती. चादरीच्या वर डोकावणारी भिंगरी बाहुली, लाल झग्याची, बटणाच्या डोळ्यांची. मागं बसून तिला हातावर नाचवायच्या काकू आणि आवाजही त्यांचाच. गुरुजी पाटीवरचा शब्द आधी भिंगरीला दाखवायचे, मग पोरांना. तिनं तो वाचायचा. ईटला त्या दिवशी पाटीवर 'भाकरी' होतं आणि भिंगरी झोकात म्हणाली, 'कमळ!' सगळा पार हसून लोळला. आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी दीपमाला ताडकन उभी राहून ओरडली होती, 'अगं, भाकरी! भाकरी!'

"त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला कुणापेक्षा तरी जास्त येतं," दीपमाला म्हणाली. "गुरुजींची काय अक्कल म्हणावी, काकू! भिंगरीला मुद्दाम चुकवायचं, म्हणजे पोरं आपणहून वाचतात. मी आजही वर्गात तसंच करते."

काकूंनी पदराचं टोक बोटांनी चुरलं.

"मुद्दाम न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "मला वाचायलाच येत नव्हतं. शब्द त्यांनी पाठ करून घेतले व्हते, वळीनं. ईटला पाट्या खालीवर झाल्या. मला वाटलं कमळ आलंय."

कुलदीपनं फोन काकूंच्या आणखी जवळ सरकवला.

"घरी येऊस्तवर मी रडत व्हते. वाटलं, आता बोलणी बसणार. पण गुरुजी खूश. म्हणले, पोरं किती वरडली बघितलंस? इथून पुढं पाठ करू नको."

दीपमालाचे डोळे चमकले. "म्हणजे आम्हीच तुम्हाला शिकवलं, काकू! आम्ही वरडायचो, तुम्ही मागं बसून शिकायचात!"

"शिकत व्हते की," काकू म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा जीव आला. "पोरं सांगायची ते ध्यानात ठेवायची. घरी पाटीवर गिरवायची. भ आला, क आला, मात्रा यायला लागल्या. मग तेरखेड्याचा खेळ आला. त्यात भिंगरीनं एकबी शब्द चुकवला न्हाय."

"मग?"

"पोरं गप. कुणी हसंना, कुणी वरडंना. आर्धी उठून खेळायला गेली. फुडच्या गावात मी मुद्दाम चुकून बघितलं. लटकं चुकलेलं पोरांना लगीच कळतं. घरी आल्यावर गुरुजींनी माझी पाटी उचलून माळ्यावर ठिवली. रागावले न्हाईत. लई गोडीनं म्हणले, तू शिकलीस तर भिंगरी मरंल. तिच्यामुळं किती पोरं शिकत्यात, बघ."

बाहेर एक रिक्षा फटफटत गेली.

"आणि तुम्ही ऐकलंत?" दीपमालानं विचारलं.

"ते खोटं सांगत नव्हते. पोरं शिकतच व्हती. तू न्हाय का शिकलीस?" काकू म्हणाल्या. "मग मी विसरायला लागले. एसटीवरची पाटी दिसली की मान फिरवायची. दुकानावरचं नाव दिसलं की खाली बघायचं. आर्धीच अक्षरं आली व्हती, गेली निघून. भिंगरी परत चुकायला लागली."

कुलदीपनं हात लांब करून फोन बंद केला.

"पण खेळ बंद होऊनही किती वर्षं झाली, काकू. त्यानंतर तरी?" दीपमाला म्हणाली.

"तवर खाली बघायची सवय लागली व्हती."

दीपमाला सरकून त्यांच्याजवळ गेली. 'अगं, भाकरी!' असं ओरडणारा आपला आवाज तिच्या कानात घुमत होता. तिनं काकूंचा हात घट्ट धरला. तो थंडगार होता.

"उद्यापासून शाळा सुटली की मी येते," ती घाईघाईनं म्हणाली. "रोज येते. मी शिकवते तुम्हाला. महिना-दोन महिन्यांत वाचायला लागाल तुम्ही."

काकूंनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच आपला हात सोडवून घेतला.

"नको, बाई," त्या म्हणाल्या. "आता वाचाय आलं, तर काय काय वाचायचं राहिलं ते कळंल मला."