सहा दिवस

"अंगावर पिणाऱ्या बाळाला आठवडाभर शी झाली नाही तरी काही बिघडत नाही," असं सिस्टरांनी दवाखान्याच्या फोनवरून शेकडो आयांना ठणकावलं होतं. आता त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्याच दोन महिन्यांच्या लेकीला सहा दिवस शी झाली नव्हती. लेक मजेत पाय झाडत होती, दुपटी ओली करत होती, पोटही मऊ होतं. गोळा आला होता तो आईच्या पोटात. शेवटी त्यांनी आपल्याच दवाखान्यात फोन लावला, आवाज बदलून बोलायला लागल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

पलीकडून नवी नर्स हळूच म्हणाली,

"रडा ताई, सावकाश रडा. आई रडायला लागली की फोन ठेवायचा, असा आमच्या मोठ्या सिस्टरांचा नियम आहे. पण त्या सध्या रजेवर आहेत."