परतीची जागा

"अहो वहिनी, रिमोटच्या त्या कांडीचा गळा कशाला आवळताय? अंगठा हलका ठेवा. बुडणार नाही ते."

तिच्या नवऱ्याचा फोटोग्राफर मित्र बोलून गेला आणि जीभ चावून तळ्याकडे बघत राहिला.

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उन्हाळ्याच्या शेवटी याच काठावर तिच्या नवऱ्याचे बूट, पाकीट आणि ड्रोनची पेटी सापडली होती. नवरा सापडला नव्हता. होडीवाल्यांनी गळ टाकले, पाणबुडे येऊन गेले, मग जो तो आपापल्या कामाला लागला. लव्हाळ्यात होडी शिरत नाही, एवढं एकच उत्तर मिळालं. म्हणून ती ड्रोन उडवायला शिकत होती. सासूबाई अजून रोज त्याचं ताट मांडत आणि स्वतः दोन घास खाऊन उठत. एकदाचा देह मिळाला तर त्या रडतील, रडल्या तर जेवतील. एवढंच तिला हवं होतं.

"आजवर माझ्या जुन्या खेळण्यावर हात बसवलात," फोटोग्राफर म्हणाला. "हे त्याचं. पोलिसांनी कालच परत दिलंय, अजून कुणी चालूही केलेलं नाही. पण नियम तेच. आधी काय?"

"पात्यांना तडा नाही ना, ते बघायचं. मग बॅटरी, वारा. माणसांवरून न्यायचं नाही. नजरेआड जाऊ द्यायचं नाही."

"आणि?"

"उपग्रहांचा सिग्नल मिळेपर्यंत थांबायचं."

"ते विसरलात की मुसळ केरात. तो मिळाला की उडण्याची जागा ड्रोन लक्षात ठेवतं. मग परतीचं बटण दाबलं की मुकाट तिथे येतं."

मागे गाडीत लेक बसली होती. "आई, मी खिडकीतून हात नाही काढला हां!"

"शहाणी माझी ती," ती म्हणाली, तरी जाऊन दार नीट लागलंय का बघून आलीच.

परत येऊन तिने ड्रोन चालू केलं. पाती फिरू लागली. तेवढ्यात लव्हाळ्यात काहीतरी पांढरं हललं. शर्टाच्या बाहीसारखं. तो घरातून निघाला तेव्हा पांढराच शर्ट होता.

तिचा अंगठा आपोआप सरकला.

"अहो, थांबा! उपग्रह..."

ड्रोन उडालं होतं. पडद्यावर लव्हाळं पसरलं, पांढरं जवळ जवळ आलं. खताचं रिकामं पोतं. त्यातच वाऱ्याचा झोत आला, ड्रोन कलंडलं आणि तिची बोटं लाकडासारखी झाली.

"परतीचं बटण! दाबा आधी!"

तिने दाबलं. ड्रोन सावरलं, वर चढलं, वळलं आणि त्यांच्याकडे पाठ करून पाण्यावरून निघालं.

"तिकडे कुठे चाललंय?"

"थांबला नाहीत ना! आता ते मागचीच जागा धरणार. त्याने शेवटचं जिथून उडवलं, ती." फोटोग्राफर डोकं खाजवत म्हणाला, "पण तो तर इथे... द्या इकडे, थांबवतो."

"नको, भाऊजी." तिचा आवाज इतका शांत होता की तो दचकला. "म्हणजे त्या दिवशी तो पलीकडे होता. आपण भलत्याच काठाला शोधत बसलो."

तो तिकडे होता, कुणीतरी न्यायला येण्याची वाट बघत पडलेला. आता तिने मान खाली घातली आणि पडद्यावरून डोळे काढले नाहीत.

पाणी संपलं. झाडं गेली, पत्र्याची छपरं गेली. एका घराच्या गच्चीवर ड्रोन थांबलं आणि सावकाश खाली उतरू लागलं. गच्चीत दोरी होती. दोरीवर बाईचे कपडे होते, आणि पुढे ओळीने इवली इवली झबली. एक माणूस पाठमोरा उभा राहून ती वाळत घालत होता.

घरघर ऐकून त्याने मान वर केली.

मिशी काढली होती. तिचा नवरा सरळ कॅमेऱ्यात बघत होता. मग हातातलं ओलं झबलं तिथेच टाकून तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.